अस्तर दुहेरी, माया दोन बोटं

सकाळचे पावणेसात वाजले होते आणि बॉबिनच्या स्कर्टचा हूक लागत नव्हता!

तिनं पोट आत घेतलं. श्वास कोंडला. कपाटाच्या दाराला पाठ टेकून चवड्यांवर उभी राहिली. शेवटी एक डोळा गच्च मिटूनही पाहिलं. डोळा मिटल्यानं कंबर बारीक होते असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही, पण अडला हरी, दुसरं काय!

बरं, स्कर्ट जुना म्हणावा तर तसंही नाही. जेमतेम महिन्याचा. आणि शिवलेला कुणी? तर दोन शाळांचे गणवेश शिवणाऱ्या, मापाला कधीही न चुकणाऱ्या टेलरबाईंनी, म्हणजे खुद्द तिच्या आईनं! आईच्या टेपवर अख्ख्या गल्लीचा विश्वास. "टेलरबाई म्हणाल्या कंबर सव्वीस, म्हणजे वजनकाटा काही का म्हणेना," असं लोक म्हणायचे. मग चूक कुणाची? उघड आहे, कंबरेची!

हूक शेवटी सेफ्टी पिनेच्या मदतीनं कसाबसा जमला. बॉबिननं त्यावर शर्ट ओढून घेतला.

बॉबिन हे तिचं घरातलं नाव. रांगायला लागल्यापासून ती आजीच्या शिवणमशीनखाली घरंगळत असायची, म्हणून आजीनं ठेवलेलं. "मशीनमधली दोऱ्याची बॉबिन गोल असते म्हणून नाही गं," आजी सांगायची, "एका जागी थांबत नाही म्हणून." पण सहावीतल्या मुलीला 'गोल' एवढंच ऐकू येतं. काय करणार!

"खाऊन जा गं," पुढच्या खोलीतून आईचा आवाज आला. पुढची खोली म्हणजेच दुकान. दोन मशिनी, एक कटिंगचं टेबल, आणि भिंतीला लावलेली कापडांची ठाणं.

"वाटेत खाते."

"डबा?"

"घेतला."

आई दारात आली. तिची नजर पोरीच्या कंबरेवर गेली आणि झटकन खाली वळली. बॉबिनला ते दिसलं. तिला वाटलं, आईलासुद्धा आपली लाज वाटते. ती तडक निघाली.

आता हे प्रकरण एवढ्यापर्यंत आलं कसं, ते सांगायलाच हवं.

गेल्या वर्षी, पाचवीत असताना, साडेदहा वर्षांची असताना बॉबिनला पाळी आली. वर्गात तोवर कुणालाच आली नव्हती, निदान कुणी तसं सांगितलं तरी नव्हतं. आईनं सगळं नीट समजावलं, जवळ घेतलं, पण समजावताना आईचा चेहरा मात्र परीक्षेत नापास झाल्यासारखा का होता, ते बॉबिनला कळलं नाही.

मग एके दिवशी बॉबिन कटिंगच्या टेबलाखाली बसून लोहचुंबकानं सांडलेल्या टाचण्या गोळा करत होती. वर शेजारच्या झेरॉक्सवाल्या काकू आल्या होत्या. या काकूंच्या दुकानात एक कागद दिला तर दोन प्रती मिळायच्या, आणि एक बातमी दिली तर दोनशे!

"एवढ्यात? पाचवीत?" काकू कुजबुजल्या. काकूंचं कुजबुजणं रस्त्यापलीकडे जातं. "आमच्या वेळी नववी उजाडायची! आणि हे वाचलंस का? मोबाइलवर आलंय. ज्या मुलींना लवकर सुरू होतं, त्या पुढं जाड होतात. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. बघ बाई, आतापासून आवर. तुझंच उदाहरण आहे की समोर."

आईच्या कात्रीचा आवाज थांबला.

टेबलाखाली एक टाचणी बॉबिनच्या बोटाला टोचली, तरी तिला कळलं नाही. जाड होतात. सिद्ध केलंय. म्हणजे ठरलंच की!

त्यानंतर महिन्याभरानं सहावीचा नवा गणवेश आला. तो असा घट्ट. बॉबिनला वाटलं, झालं सुरू! मग तिनं तिच्या बाजूनं लढाई पुकारली. सकाळचं खाणं बंद. डबा बाकावरच्या मैत्रिणीला. (मैत्रीण खूश! तिच्या घरी डबा म्हणजे रोज गार ब्रेड.) रिकामा डबा घरी आला की आई समाधानानं म्हणायची, "आज सगळं खाल्लंस, शहाणी!" आणि बॉबिनला रडूच यायचं.

पण सगळ्यात मोठं दुःख वेगळंच होतं. बॉबिनला लांब उडी यायची. नुसती यायची नाही, भन्नाट यायची! धावत येऊन फळीवर पाय पडला की ती अशी हवेत जायची, की वाळूत उतरायचं विसरलीच जणू. शनिवारी शाळेच्या संघाची निवड होती. पहिल्या तिघी आंतरशालेय स्पर्धेला जाणार होत्या. आणि बुधवारी बॉबिननं खेळाच्या बाईंना सांगून आपलं नाव कमी केलं. हाफ पँट घालून सगळ्यांसमोर धावायचं? या अशा कंबरेनं? आणि खरं तर आताशा धावताना डोळ्यांपुढं काजवे चमकायचे, पण ते ती कुणाला सांगणार!

आणि त्याच दिवशी, गुरुवारी, शाळेत आरोग्य तपासणी होती. वजनकाट्याशी कोण उभं असावं? बॉबिनची सख्खी आत्या! आत्या सरकारी दवाखान्यात नर्स. माहेर म्हणजे हेच शिवणाचं दुकान, त्यामुळे इंजेक्शन देतानाही ती म्हणायची, "हलू नकोस, टाका वाकडा जाईल."

"चढ गं बॉबिन."

बॉबिननं डोळे मिटून काट्यावर पाय ठेवला.

आत्यानं आकडा लिहिला. मग शाळेच्या कार्डावरचा आधीचा आकडा बघितला. मग उंचीच्या पट्टीपाशी नेलं. पुन्हा कार्ड बघितलं.

"तीन महिन्यांत उंची दोन सेंटीमीटर वाढली आणि वजन दीड किलो घटलं? कापड लांब झालं आणि वजनाला हलकं? हे कुठल्या गिरणीचं कापड गं?"

बॉबिन हसली नाही. तेव्हाच खेळाच्या बाई आल्या. "बरं झालं तुम्ही भेटलात. तुमच्या भाचीला समजवा. उडीतून नाव काढलंय तिनं. माझी सगळ्यात चांगली मुलगी!"

आत्यानं मान हलवली. सगळ्यांसमोर एक शब्द बोलली नाही. पण तपासणी संपल्यावर फाटकापाशी थांबली, पिशवीतून केळं काढलं, आणि म्हणाली, "आधी हे. मग बोलणं."

अर्धं केळं संपेपर्यंत बॉबिननं धीर धरला. मग बांध फुटला.

"आत्या, काही उपयोग नाही गं. मला लवकर आली ना. म्हणजे मी आता जाडीच राहणार. ठरलंय ते."

"कुणी ठरवलं?"

"शास्त्रज्ञांनी."

"तुला भेटून गेले वाटतं? चहाबिहा दिलास की नाही?"

"आत्या! खरंच! आणि बघ ना, महिनाभर मी काही खात नाहीये, तरी हा स्कर्ट लागत नाही. पहिल्या दिवशीपासून लागत नाही."

आत्या चालता चालता थांबली. "पहिल्या दिवशीपासून?"

"हो."

"वहिनीनं शिवलेला?"

"हो!"

आत्या पुढं घरापर्यंत गप्पच राहिली. आत्या गप्प म्हणजे काहीतरी होणार, हे बॉबिनला माहीत होतं.

दुकानात आई मशीनवर होती. आजी खिडकीपाशी बसून काजं करत होती. डोळे थकले होते, पण बोटं अजून बघत होती. आत्या आली, "पोरी, कपडे बदल, तो स्कर्ट मला दे," म्हणाली, आणि हातात आल्या आल्या तिनं तो उलटा केला.

या दुकानाची एक रीत होती. आजीनं चाळीस वर्षांपूर्वी घातलेली. वाढत्या वयाच्या पोरीचा कपडा असेल, तर शिवणीच्या आत दोन्ही बाजूंनी दोन दोन बोटं जादा कापड सोडायचं. शिंपीकामात त्याला माया म्हणतात. पोर वाढली की उसवायचं, आतलं कापड बाहेर आणायचं, तोच स्कर्ट आणखी वर्षभर. गल्लीतल्या प्रत्येक पोरीच्या कपड्यात ही दोन बोटं असायचीच.

बॉबिनच्या स्कर्टात अस्तर होतं, दुहेरी होतं. टाके सुरेख होते. पण शिवणीच्या आत? कापड अगदी कडेपर्यंत कापलेलं. नखाएवढीही माया नाही!

"वहिनी," आत्या हळू म्हणाली, "माप चुकलं का तुझं?"

मशीन थांबली.

"टेलरबाई, तुम्हाला विचारतेय. पोरीची कंबर आज काय आहे आणि स्कर्ट कितीचा शिवलाय?"

आईनं मशीनच्या चाकावर हात ठेवला. "दीड इंच कमीचा," ती म्हणाली. "चुकून नाही. मुद्दाम."

बॉबिन दारातच उभी होती. तिला आधी कळेचना. मग एकदम कळलं!

"म्हणजे... म्हणजे मी जाड झालेच नव्हते? स्कर्टच लहान होता?"

"बाळा..."

"आई! मी महिनाभर डबा नाही खाल्ला! रोज वाटून टाकत होते! मी उडीतून नाव काढलं! मला वाटलं मी..."

आई चाकावरचा हात काढून तिच्याकडे वळली. "डबा... नाही खाल्लास? पण रोज रिकामा..."

"रिकामा डबा म्हणजे भरलेलं पोट नव्हे, वहिनी," आत्या म्हणाली. आवाजात राग होता, पण तिनं वहिनीच्या शेजारी स्टूल ओढलं आणि बसली. "का केलंस हे?"

आईनं मशीनच्या सुईखालचं कापड बाजूला सारलं. मग म्हणाली, "माझ्यासारखी होऊ नये म्हणून."

"मलाही लवकर आली होती. दहाव्या वर्षी. घरात सगळे म्हणाले, केवढी घोडी वाढली! मग मी वाढतच गेले. आज चार पायऱ्या चढले की धाप लागते. दवाखान्यात जायला भीती वाटते, साखर निघेल म्हणून. त्या दिवशी काकूंनी ते वाचून दाखवलं आणि मी घाबरलेच. वाटलं, माझं पोरीच्या वाटेला गेलं. मला दुसरं काय येतं, ताई? कापडच कापता येतं. वाटलं, घट्ट शिवलं तर पोर आटोक्यात राहील. शरीराला कळेल, इथवरच वाढायचं."

"शरीराला कापड वाचता येत नाही गं," आत्या म्हणाली. तिनं वहिनीचा हात हातात घेतला. "ऐक. काकूंचा तो निरोप खोटा असता ना, तर बरं होतं. अर्धा खरा आहे, म्हणून जास्त त्रास देतो. ज्या मुलींना पाळी लवकर येते, त्यांचं मोठेपणी वजन सरासरीनं थोडं जास्त असतं, हे बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. पण सरासरीनं! आता तू मला सांग, शंभर पोरींच्या कंबरा मोजल्या, सरासरी काढली, आणि त्या एकाच मापाचे शंभर स्कर्ट शिवले. किती जणींना बसतील?"

आईच्या तोंडून आपोआपच निघालं, "दहा जणींना धड बसले तर नशीब. दुकान बंद पडेल!"

"मग सरासरीचा स्कर्ट माझ्या भाचीला का घालतेस?"

आजी खिडकीतून खुदकन हसली. आईच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी तिलाही हसू आलं.

"आणि दुसरं," आत्या पुढं म्हणाली, "पाळी लवकर आली म्हणून पोर जाड झाली, एवढं सरळ नसतं ते. पुष्कळदा लहानपणीच वजन थोडं जास्त असतं आणि त्यानं पाळी लवकर येते. काही घराण्यातून येतं. दोन्ही टोकं एकाच दोऱ्याची. त्यात बॉबिनचा गुन्हा नाही, तुझाही नाही. आठ वर्षांच्याही आत शरीरात बदल दिसायला लागले तर लगेच डॉक्टरांना दाखवायचं असतं. हिची साडेदहा. पुष्कळ मुलींना या वयात येते."

"पण आमच्या वर्गात मी एकटीच होते," बॉबिन पुटपुटली.

तेव्हा आजी बोलली.

"एकटी? पेटीतल्या वह्या काढ बघू."

पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत आजीच्या मापाच्या वह्या होत्या. चाळीस वर्षांच्या! आजी गिऱ्हाइकाचं नाव कधीच लिहायची नाही. 'बेकरीवाल्यांची धाकटी', 'बस कंडक्टरांची मधली', असं लिहायची. पुढं इयत्ता, मग मापं. आणि काही मापांपुढं एक लहानसं 'अ'.

"अ म्हणजे अस्तर," आजी म्हणाली. "पोरीला पाळी सुरू झाली असं तिची आई सांगायची, किंवा आपल्याला दिसायचं. मग स्कर्टाला मागून दुहेरी अस्तर लावायचं. गाजावाजा नाही, वेगळे पैसे नाहीत. मोज आता तू, अ कितवीत येतं ते."

बॉबिननं आधी एक चांगली गोष्ट केली. कागदाची लांब पट्टी कापली आणि प्रत्येक पानावर डावीकडची ओळख झाकून टाकली. कुणाचं गुपित आपल्याला कशाला! फक्त इयत्ता आणि अ. मग ती जमिनीवर पालथी पडून रेघोट्या मारत बसली. (पालथी पडता आलं, कारण आता अंगात जुना सैल झगा होता!)

सगळ्यात जुन्या वह्यांत अ यायचं ते आठवीत, नववीत. एखादंच सातवीत. मधल्या वह्यांत सातवीत दाटी झाली. आणि अलीकडच्या वह्यांत? सहावीत कितीतरी! पाचवीतसुद्धा! बॉबिनच्याच शाळेच्या गेल्या वर्षीच्या वहीत पाचवीत सहा अ होते.

"सहा!" बॉबिन ओरडली. "आजी, सहा जणी! आणि आम्ही सगळ्याजणी एकमेकींपासून लपवत होतो!"

"हे दुकानातल्या वह्यांचं शास्त्र झालं, खऱ्या अभ्यासाला हजारो मुली लागतात," आत्यानं बोट उगारून बजावलं. "पण मोठ्या अभ्यासांतही दिशा हीच आहे. पूर्वी पोरी आजारी असायच्या, अर्धपोटी असायच्या, म्हणून उशीर व्हायचा."

"मी पंधराव्या वर्षी," आजी म्हणाली. "आम्हाला पोटभर जेवण म्हणजे कुणाचं तरी लग्न!"

"बघ! म्हणजे आता पोरींना पोटभर मिळतं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्याबरोबर पाकिटातलं गोड-खारट वाढलं, बसणं वाढलं, झोप कमी झाली. आणखीही कारणं शोधणं चालू आहे."

आईही वह्या चाळत होती. मधल्या काळातल्या एका वहीवर तिचा हात थांबला. तिथं पट्टी ठेवायची राहिली होती.

"डाकवाल्यांची थोरली," आईनं वाचलं. "इयत्ता पाचवी."

बॉबिननं मान वर केली. डाकवाले म्हणजे बॉबिनचे आजोबा, आईचे बाबा. थोरली म्हणजे...

"मी," आई म्हणाली. "माझा स्कर्ट तुम्हीच शिवला होतात, आई?" आई सासूबाईंनाही आईच म्हणायची.

"मीच. तेव्हा कुठं माहीत होतं की हीच पोर सून होऊन मशीनवर बसणार आहे."

मापांपुढं अ होतं. त्याखाली दोन रेघा. आणि शेजारी बारीक अक्षरात: 'पोर घाबरलेली. विचारू नये. अस्तर दुहेरी, माया दोन बोटं.'

"पण माझ्या आईनं तर तुम्हाला काही सांगितलं नव्हतं," आई म्हणाली. "कुणालाच सांगितलं नव्हतं."

"तू आलीस तेव्हा दप्तर पाठीवर नव्हतं तुझ्या, मागे कमरेखाली धरलेलं होतं. माप घेताना सोडेचनास. कळलं मला."

आईनं वही छातीशी धरली. "त्या वर्षी वर्गात बाईंनी मला उभं केलं होतं. कविता म्हणायला. उभं राहिल्यावर लक्षात आलं की... मला वाटलं, आता मेले. पण बाहेर काही दिसलं नाही. कुणाला कळलं नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, नशीब माझं! नशीब नव्हतं ते. तुम्ही होतात!"

ती उठली आणि सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडली. "तेव्हाचे आभार मी आज मानतेय. तुम्ही परक्या पोरीला न विचारता दोन बोटं दिलीत, आणि मी पोटच्या पोरीची काढून घेतली!"

"उठ, उठ," आजी तिच्या पाठीवर थोपटत म्हणाली. "माप चुकलं तर आपण काय करतो?"

"उसवतो."

"मग रडतेस काय? उसव!"

पण या शिवणीत उसवायला आत कापडच नव्हतं! मग आईनं ठाणातून नवं कापड ओढलं. टेप घेतला, बॉबिनसमोर गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, "माझं चुकलं गं, राणी. खूप चुकलं. श्वास घे. पोट आत नको घेऊस. आहे तेवढं माप घेऊ दे मला."

बॉबिननं मोठा, पोट भरून श्वास घेतला. महिन्यातला पहिला! राग गेला होता का? सगळा नव्हता गेला. पण ती म्हणाली, "आई, भूक लागलीय," आणि ते ऐकून आई टेप गळ्यात तसाच ठेवून स्वयंपाकघराकडे जी धावली!

शुक्रवारी सकाळी बॉबिननं पोटभर खाल्लं, शाळेत जाऊन खेळाच्या बाईंना पुन्हा नाव लिहायला सांगितलं. आणि बाकावरच्या मैत्रिणीचं काय? आईनं त्या दिवसापासून डबाच मोठा दिला. "दोघींनी खा. पण दोघींनी!"

शनिवार उजाडला. मैदानाच्या कडेला आजी, आत्या, आणि दुकान अर्धा दिवस बंद ठेवून आलेली आई. बॉबिनच्या अंगात नवी हाफ पँट, मापाची, सैल पण नाही, घट्ट पण नाही. ती धावत आली, फळीवर पाय आपटला, आणि गेली! पहिली उडी बाद. दुसरी बरी. तिसरी? खेळाच्या बाईंनी लांब टेप लावला, वाकून दोनदा बघितलं आणि हात वर केला. बॉबिन तिसरी आली होती, चौथीपेक्षा दोन बोटं पुढं!

"बघा, दोन बोटंच तर लागतात!" आजी अशी ओरडली, की पलीकडच्या मैदानातली पोरंसुद्धा थांबली.

संघात निवड झाली! पण बॉबिननं घरी आल्यावर जे केलं, ते मला त्या उडीपेक्षाही मोठं वाटतं. तिनं आईच्या गळ्यातला टेप काढला आणि म्हणाली, "आई, हात वर."

"मला कशाला? माझं माप मला माहीत आहे."

"दहा वर्षांपूर्वीचं! अख्ख्या गावाची मापं घेतेस, स्वतःचं कधी घेतलंस? श्वास घे. पोट आत नको घेऊस."

आई हसली. मग तिनं हात वर केले. त्या मापाची तिच्यासाठी चालायची सैल पँट शिवली गेली, आजीनं स्वतः काजं केली. सोमवारी आई आत्याच्या दवाखान्यात गेली. साखर थोडी वरच्या काठावर होती. "वेळेवर आलीस," आत्या म्हणाली. आता संध्याकाळी बॉबिन मैदानात धावते आणि आई कडेकडेनं चालते. कुणी कुणाचं पोट बघत नाही. झेरॉक्सवाल्या काकूही परवा आल्या होत्या, पाचवीतल्या भाचीला घेऊन, आणि खरंच कुजबुजल्या. कुणालाही ऐकू गेलं नाही! आईनं काही विचारलं नाही. वहीत अ लिहिलं, आणि जाताना काकूंच्या हातात आत्याच्या दवाखान्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी दिली.

वाचकहो, तुमच्या घरातही एखादी बॉबिन असेल. तिला लवकर पाळी आली असेल, किंवा उशिरा. ती भरलेली असेल, किंवा काडी. वय बदलतंय, हे खरं आहे. लवकर आलेल्या पाळीचा आणि पुढच्या वजनाचा संबंध असतो, हेही खरं आहे. पण ही बातमी मुलीला घाबरवण्यासाठी नाही. तिची जरा जास्त काळजी घेण्यासाठी आहे: पोटभर आणि चांगलं खाणं, भरपूर खेळ, पुरेशी झोप, अधूनमधून वजन-उंची, आणि शंका आली तर डॉक्टर. उपास नको, टोमणे नकोत, घट्ट कपडे तर नकोतच! वाढत्या शरीराला जागा द्या. आणि ज्यांनी तुम्हाला कधी न बोलता, न विचारता अशी जागा दिली, त्यांना शोधा आणि आभार माना. उशीर झाला तरी चालेल. बॉबिनच्या आईला कित्येक वर्षं लागली, तरी आजीनं ते आभार घेतलेच की!

राहता राहिली या वर्षीची वही. तिच्यात बॉबिनच्या नव्या स्कर्टाची नोंद आईच्या अक्षरात आहे. बॉबिननं स्वतः ती सगळ्यांना दाखवली, अगदी पट्टी न ठेवता:

'टेलरबाईंची एकुलती एक. इयत्ता सहावी. अ. अस्तर दुहेरी, माया दोन बोटं. पोर घाबरलेली नाही.'